उस्ताद वहबांचा खडा

आमच्या भागात खडा सापडत नाही. नाईलने आणून टाकलेली काळी माती. पुरुषभर खणा, खाली पुन्हा मातीच. लहानपणी कालव्याच्या पाण्यावर भाकऱ्या काढायला आम्ही फुटक्या माठाच्या खापऱ्या शोधत फिरायचो. त्यामुळे आईच्या काचेच्या कपाटात, तिच्या लग्नातल्या सोनेरी कडांच्या पेल्यांशेजारी, एका औषधाच्या बाटलीत ठेवलेला खडा ही आमच्या घरातली बघण्यासारखी वस्तू होती. बोराच्या बीएवढा, मधासारखा पिवळट, एका बाजूने चपटा. हा आमच्या ह्यांच्या पोटातून निघाला, असं आई पाच वर्षं आल्यागेल्याला सांगत आली.

तो बाबांच्या पोटातून निघालेला नव्हता. तो कुठून आला हे तिघांनाच माहीत होतं: बाबांना, मला आणि उस्ताद वहबांना. त्यातले बाबा आता नाहीत.

बाबांचं नाव बदीर. कफ्र अल-सवाकीच्या कालव्यावर ते अडतीस वर्षं पाटकरी होते. कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं, कुठला दरवाजा किती बोटं उचलायचा, हे त्यांच्या हातात. अख्ख्या गावाशी भांडून पुन्हा अख्ख्या गावाचे लाडके राहिलेले. त्यांचं यकृत लहानपणीच बिघडलं होतं. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी पोरांना कालव्यातल्या पाण्याचा रोग व्हायचा. मग शाळेच्या अंगणात रांग लावून सगळ्यांना एकाच काचेच्या पिचकारीने सुया टोचत. एक रोग गेला आणि सुईवाटे दुसरा आला. तो म्हातारपणी नव्या गोळ्यांनी बरा झाला, पण यकृतावर वण राहिले.

मग त्या उन्हाळ्यात त्यांना खाज सुटली. आईने साबण बदलला. लघवी चहासारखी व्हायला लागली, तेव्हा आईने चहा कमी केला. डोळे पिवळे झाले तेव्हा मात्र मी शाळेतून रजा घेतली. मी मुलींच्या माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. माझ्या रजेने कुणाचं अडत नाही. बाबांना मी तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोटावरून यंत्र फिरवलं आणि बाबांच्या समोरच म्हणाले, "पित्ताच्या नळीत खडा अडकलाय, हाजी."

बाबा खूश झाले. आमच्याकडे खडा हा अब्रूदार आजार आहे. तो काढता येतो, बाटलीत भरून घरी आणता येतो. त्यांचा चुलत भाऊ सिराग याने आपला खडा वर्षभर खिशात बाळगला होता.

मन्सूराच्या मोठ्या इस्पितळात मात्र पुढच्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर तलअत यांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. उंच, वाकलेले, हळू बोलणारे.

"खडा नाही," ते म्हणाले. "यकृताच्या डाव्या भागात गाठ आहे, लहान पेरूएवढी. तिचा एक कोंब वाढत पित्ताच्या नळीत उतरलाय. त्याने पित्त तुंबलंय."

"म्हणजे ते?" मी विचारलं. शब्द मीही उच्चारला नाही. आमच्याकडे कुणीच उच्चारत नाही. 'ते' म्हणतात, 'तो वाईट आजार' म्हणतात, आणि लगेच पुढे 'घराबाहेर राहो, दूर राहो' असं म्हणून टाकतात, दारावरचं कुत्रं हाकलावं तसं.

"तेच. पण ऐका. नळीत उतरलंय म्हटलं की पुष्कळ जण हात टेकतात. मी टेकत नाही. ते नळीच्या भिंतीला धरून नाहीये, नुसतं आत लोंबतंय असं दिसतंय. यकृताचा डावा भाग काढायचा, नळी उघडायची, कोंब अख्खा बाहेर घ्यायचा. आधी बरगडीखालून एक रबरी नळी घालून तुंबलेलं पित्त बाहेर काढू. कावीळ उतरली की शस्त्रक्रिया."

"त्यांना सांगू नका."

"मी नाही सांगत. तुम्ही सांगा. कागदावर त्यांचीच सही लागेल, आणि कागदावर खडा लिहिलेला नसणार."

माझा भाऊ रिदा कुवेतमध्ये असतो. त्याला फोन केला तर तो ओरडलाच, "खबरदार! माणूस रोगाने नंतर मरतो, नावाने आधी मरतो. खडाच म्हण." मला तेच ऐकायचं होतं. खडा हा शब्द काही मी बनवलेला नव्हता. तो घरात आलेलाच होता. मी फक्त त्याला बाहेर काढलं नाही.

नळी बसली. पलंगाला लटकवलेल्या पिशवीत गडद पित्त ठिबकायला लागलं. बाबा रोज सकाळसंध्याकाळ पिशवीकडे, पूर्वी कालव्यातल्या पाणी मोजायच्या पट्टीकडे बघायचे तसे, डोळा बारीक करून बघत. "आज चार बोटं चढलं," ते सांगत. दोन आठवड्यांत डोळे पांढरे झाले, खाज गेली. त्यांनी कोंबडीच्या पातळ रश्शावर तोंड वाकडं करून मुलुखियाची भाजी मागितली. डॉक्टरांनी मंगळवार ठरवला.

आणि शनिवारी बाबांनी सही करायला नकार दिला.

सिराग भेटायला आला होता. "पोट फाडणार?" तो म्हणाला. "खड्यासाठी? माझा तर तोंडातून काढला. सकाळी गेलो, संध्याकाळी घरी बसून तुपातली फतीर पोळी खाल्ली, मधाशी."

"ऐकलंस?" बाबा मला म्हणाले. "ह्याच्या खड्याला तोंडातून वाट, आणि माझ्याला भिंत पाडून?"

"बाबा, तुमचा खडा मोठा आहे."

"मोठा म्हणे. आणि आता पाणी वाहतंय की! बघ ती पिशवी. वाहत्या कालव्यात फावडं कोण घालतं?"

आईनेही त्यांचीच बाजू घेतली. "डोळे बघ कसे दुधासारखे झालेत. घरी जाऊ या. इथला भात गोळा होतो."

शेजारच्या पलंगावर उस्ताद वहबा होते. मीत घम्रचे निवृत्त पोस्टमास्तर, मनगटावर लहानपणी गोंदलेला निळा क्रॉस, तोंडासमोर कायम वर्तमानपत्र. त्यांचं पित्ताशय काढलं होतं आणि त्यातले सतरा खडे बाटलीत भरून उशाशी ठेवले होते. परिचारिकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ते मोजून दाखवून झाले होते, आईला तर दोनदा. "हाजी, तुमचा एक, माझे सतरा, आणि कौतुक तुमचंच चाललंय," ते बाबांना म्हणत.

रविवारी डॉक्टर तलअत मला जिन्यात भेटले. "उद्या दुपारपर्यंत सही हवी. नाहीतर मंगळवार दुसऱ्याला द्यावा लागेल. त्यांना बरं वाटतंय ते नळीमुळे. कोंब वाढतोच आहे. महिन्याभराने आलात तर मी सुरी हातात घेणार नाही, हे आत्ताच सांगतो."

त्या रात्री मी रिदाला फोन केला नाही.

सोमवारी सकाळी आई अंघोळीला आणि भाकरी भाजायला गावी गेली. बाबा बसून होते, अंगातला लांब गल्लाबिया नळीच्या बाजूने वर खोचलेला. मी खुर्ची ओढली. ग्रंथपाल म्हणून आयुष्यभर शब्द फळीवर लावत आले, पण एक वाक्य जुळेना.

"बाबा, खडा नाहीये."

"नाहीये? विरघळला?"

"नव्हताच. ते आहे."

"दूर राहो, घराबाहेर..." त्यांच्या तोंडून सवयीने निघालंच. मग ते थांबले. स्वतःच्या पोटाकडे बघितलं, आणि हसायला लागले. हसताना नळी दुखली म्हणून बरगडी धरली. "घराबाहेर कसलं डोंबलाचं! आत येऊन बसलंय आणि मी त्याला दारातून हाकलतोय."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं. शेजारचं वर्तमानपत्र एकदम वर गेलं आणि उस्ताद वहबा त्यामागे पार दिसेनासे झाले.

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"मला. रिदाला. डॉक्टरांना."

"आणि मला. म्हणजे आत्ता." मग त्यांनी विचारलं, "मूळ कुठंय?"

"काय?"

"अगं मूळ. नळीत आहे की वर?"

मी डॉक्टरांनी सांगितलेलं जमेल तसं सांगितलं. मी अडखळत होते, पण बाबा नव्हते. त्यांनी चादर हाताने सपाट केली आणि बोटाने रेघ ओढली. "हा मोठा कालवा. ही डावी चारी, ही उजवी. जलपर्णी डाव्या चारीच्या शेतातून निघाली आणि वाहत येऊन मोरीत अडकली. बरोबर?"

"बरोबर."

"मग पाणी दोन्हीकडचं तुंबणार. आणि हे जे बरगडीतून नळी घालून काढतायत, ते म्हणजे आपण बांध फोडून पाणी रस्त्यावर सोडतो तसं." त्यांनी पिशवीकडे नव्याच नजरेने पाहिलं. "अडतीस वर्षं मी त्या मोरीतून जलपर्णी ओढली. नुसती मोरी साफ केली की आठ दिवसांत परत. वरचं मूळ उपटलं तरच. डॉक्टर काय करणार, नुसती मोरी साफ करणार की डावी चारीच बंद करणार?"

"डावी बाजू काढून टाकणार. मग मोरी उघडून आतलं ओढणार."

"आणि उजवी पुरेल?"

"डॉक्टर म्हणतात, बेताने पुरेल."

"बेतानेच पुरतं सगळं." त्यांनी हात पुढे केला. "आण तो कागद. हे आधी बोलली असतीस तर शनिवारीच सही केली असती. खड्यासाठी मी पोट फाडून घेणार होतो काय? पाटकऱ्याची पोरगी तू, एवढं कळू नये?"

मी कागद दिला. त्यांनी त्यावरचा तो शब्द बोटाखाली धरून अक्षर अक्षर वाचला, पुन्हा वाचला, आणि सही केली. मग आवाज खाली आणला.

"तुझ्या आईला मात्र खडाच."

"बाबा..."

"खडाच म्हणतो ना. मी कालव्यावरचा माणूस, मला मूळ कुठंय ते कळलं की झोप लागते. ती तशी नाही. तिला कळलं तर मी मरायच्या आधीच ती मला पुरेल." त्यांनी मान वळवली. "उस्ताद."

वर्तमानपत्र हललं नाही.

"उस्ताद, पेपर उलटा धरलाय तुम्ही."

उस्ताद वहबांनी पेपर खाली ठेवला. त्यांचे डोळे ओले होते. "मी काही ऐकलं नाही, हाजी."

"ऐकलंत तेच बरं झालं. सतरा आहेत ना तुमच्याकडे? एक द्या. आमची बाई बाटली मागणार. खडा बघितल्याशिवाय ती घरात घ्यायची नाही मला."

उस्तादांनी बाटली उघडली आणि दोघं म्हातारे डोकी जुळवून खडे निवडायला लागले, बाजारात कैऱ्या निवडाव्यात तसे. हा फार काळा, हा फार बारका. शेवटी उस्तादांनी तो मधाच्या रंगाचा, एका बाजूने चपटा, तळहातावर घेतला. "माझा सगळ्यांत देखणा. पोस्टाने पाठवला असता तर रजिस्टर केल्याशिवाय सोडला नसता." मग मला म्हणाले, "घे मुली. पण ते परत आले की मगच दाखव. आधी नको."

मंगळवारी सात तास लागले. आई बाकावर बसून जपमाळ ओढत होती, मी भिंतीवरच्या सूचना वाचून संपवल्या. तिसऱ्या प्रहरी डॉक्टर तलअत आले आणि मला आत बोलावलं. पत्र्याच्या तबकात ते होतं. बोटाएवढं लांब, मऊ, तपकिरी-हिरवं, पाण्यातून काढलेल्या मुळासारखं. "नळी उघडली आणि चिमट्याला अख्खं आलं, न तुटता," ते म्हणाले. थकलेले, पण चेहरा उजळलेला. "भिंत स्वच्छ आहे. असं दरवेळी येत नाही." तबक तपासणीला गेलं. मी ते जेमतेम तीन श्वासांइतकं पाहिलं असेल, पण बाबांना सांगण्यासाठी नीट पाहून घेतलं.

बाबा पुढच्या दिवशी बोलले. आई पायाशी उभी होती. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खडा?" ते पुटपुटले.

मी पिशवीतून बाटली काढली. आईने ती दोन्ही हातांत घेतली, उजेडाकडे धरली आणि खड्यालाच बोलायला लागली. "मेल्या, एवढासा तू, आणि माझ्या माणसाला एवढं छळलंस?" शेजारच्या पलंगावर उस्ताद वहबांना जोराचा खोकला आला. टाके दुखले असणार.

पाच वर्षं मिळाली. बेताने पुरणाऱ्या यकृताने पाच वर्षं रेटलं. बाबांनी पेरूची नवी झाडं लावली आणि त्यांचे पेरू खाल्ले. रिदाच्या मुलीच्या लग्नात हातात काठी धरून नाचले. दर सहा महिन्यांनी आम्ही दोघं मन्सूराला तपासणीला जायचो. आईला सांगायचो, खड्याचं बघायला. परत येताना नदीकाठी बसून भाजलेलं कणीस खायचो. त्या बाकावर बाबा माझ्याशी जितकं बोलले, तितकं त्याआधीच्या चाळीस वर्षांत बोलले नव्हते.

दर वसंतात, खारवलेल्या माशांच्या सणाला, उस्ताद वहबा मीत घम्रहून यायचे, हातात मिठाईचं खोकं. जेवण झालं की आई कपाट उघडायची आणि त्यांचाच खडा त्यांच्या हातात द्यायची.

"बघा उस्ताद. तुमचे सतरा असतील, पण याची सर आहे एकाला?"

उस्ताद चष्मा पुसून तो बराच वेळ बघायचे. "नाही बाई. खरं सांगतो, माझ्याकडे असा एकही नाही." बाबा भिंतीकडे तोंड करून दाढी खाजवत बसायचे, खांदे हलत असायचे. आणि उस्ताद गावी पोचले की मला फोन: "माझं पोरगं बरं दिसलं गं. रंग टिकवून आहे."

गेल्या हिवाळ्यात ते उजव्या बाजूला परत आलं. या वेळी नळीत नव्हतं, पण उजवी बाजू काढता येत नाही. बाबांनी डॉक्टरांना विचारलं, "दरवाजे बंद करायची वेळ?" डॉक्टर तलअत म्हणाले, "हळूहळू, हाजी." तूबा महिन्याच्या थंडीत, एका सकाळी, चहा घेऊन झाल्यावर बाबा गेले. आईला वाटलं म्हातारपण. तेही खोटं नव्हतं.

दुपारच्या नमाजाआधी दफन करायचं होतं. माणसं अंगणात जमली. उस्ताद वहबा पहिल्या गाडीने आले आणि दारापाशी पुरुषांत उभे राहिले, टोपी हातात. मी आत होते. आईने कपाट उघडलं, बाटली काढली, आपल्या रुमालात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"हा त्यांच्या अंगातला आहे," ती म्हणाली. "अंगातलं निघालेलं मातीला द्यायचं असतं. इतकी वर्षं मी हौसेने ठेवला. आता त्यांच्याबरोबर जाऊ दे."

दुसऱ्या माणसाच्या अंगातला, आणि तो माणूस जिवंत, बाहेर दारात उभा. आईला आत्ता सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागलं असतं, त्या उन्हाळ्यापासून.

मी अंगणात गेले. "उस्ताद," मी हळूच म्हटलं, "आई खडा कबरीत ठेवायला सांगतेय."

त्यांनी रुमालाकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, ते नको म्हणतील. त्यांचा धर्म वेगळा, कबरस्तान वेगळं. मग त्यांनी रुमालाच्या गाठीवर दोन बोटं ठेवली, टपालावर शिक्का मारावा तशी.

"जाऊ दे," ते म्हणाले. "पत्ता चुकीचा नाही. सामान पुढे जातं, माणूस मागाहून."

सिरागकाकांनी कबरीत उतरून तो रुमाल बाबांच्या उशाशी ठेवला.

चाळिसाव्या दिवशी उस्ताद पुन्हा आले. आईने मुलुखिया केली होती, बाबांना आवडायची तशी, लसूण जास्त घालून. कपाटातली रिकामी जागा तिने पेले सरकवून भरून टाकली होती. वाढता वाढता तिने विचारलं, "उस्ताद, तुमचे ते सतरा अजून आहेत ना जपून?"

"सोळा," उस्ताद म्हणाले. घास तोंडात होता, शब्द निसटलाच.

माझा हात भाकरीवर थांबला. आईने पळी भांड्यातच धरून ठेवली.

"एक कुठं गेला?"

उस्तादांनी घास गिळला. "पोस्टात हरवला, बाई."

आईने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग बाबांच्या रिकाम्या जागेकडे.

"पोस्टाचं काही खरं नाही," ती म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आणखी एक पळी वाढली.